काचेच्या बाहेरचा चहा

१४ जानेवारी

आज मी अख्ख्या वॉर्डासमोर हात वर केला. आता पस्तावावं की नाचावं ते कळत नाहीये. सध्या नाचतेय. स्वयंपाकघरात, लोकरीचे मोजे घालून, बटाटे शिजेपर्यंत.

झालं असं. दुपारच्या बैठकीत इव्हॉनने सांगितलं की बर्फ वितळेपर्यंत प्रत्येक वॉर्डाने स्वतःचा एक सुधारणा-प्रकल्प करून दाखवायचा, वरून हुकूम आहे. इव्हॉन आमच्या मनोरुग्ण वॉर्डाची प्रमुख. नर्सिंग कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, त्यामुळे ती हुकूम वाचायला लागली की मला हसू फुटतं. क्लॅरेन्स आमच्यातला सर्वांत जुना नर्स. तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला की असे प्रकल्प त्याने कितीतरी येताना पाहिले आणि तितकेच जाताना पाहिले, मागे उरतो तो भिंतीवरचा तक्ता. सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसताच हात वर केला.

केला तो व्हेरामुळे. व्हेरा शरदापासून आमच्याकडे चौथ्या मजल्यावर आहे. तिला आवाज ऐकू येतात. दिवसा ती आणि ते आवाज आपसात भागवून घेतात. नवरा लिओ रोज दुपारी बसने येतो, डब्यात काहीबाही घेऊन, तिच्या पायांना मालिश करतो आणि संध्याकाळच्या जेवणानंतर निघतो. मग पाळी बदलायच्या वेळी व्हेरा उठते आणि आमच्या ऑफिसच्या काचेवर मुठी आपटायला लागते. बोट निघाली, बोट निघाली, म्हणून ओरडते. थांबतच नाही. शेवटी आम्ही चौघं तिला धरून बंद खोलीत नेतो. काल मी तिचा डावा हात धरला होता. हात कसला, चिमणीचं हाड.

हे असंच चालू राहिलं तर एप्रिलमध्ये तिला बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या संस्थेत कायमचं हलवायचं असं डॉक्टरांच्या मनात आहे. तिथे बसने जायला उजाडल्यापासून मावळेपर्यंत लागतं. लिओ अठ्ठ्याहत्तरचा आहे.

बटाट्यांचा लगदा झाला. तसाच खाल्ला.

१७ जानेवारी

गुणवत्ता विभागाने मदतीला एक माणूस दिलाय. ऑगस्टस किली, सगळे गस म्हणतात. इतका उंच की दार कितीही मोठं असो, हा वाकूनच आत येतो. आज स्वेटर उलटा घातला होता, शिवण बाहेर. मी काही बोलले नाही. त्याचे कान आधीच लाल होते, आणखी लाल झाले असते तर आग विझवणारे आले असते.

पण बोलतो छान. मला वाटलं होतं, मोठमोठे शब्द फेकेल. त्याने तीनच गोष्टी विचारल्या. काय सुधारायचंय, सुधारलं हे कळणार कसं, आणि त्यासाठी काय बदलून बघणार. मी म्हटलं, हे संशोधन आहे ना, मग मोठा नमुना लागेल, नीतिसमिती लागेल. तो म्हणाला, ‘संशोधन जगासाठी असतं. त्याला घाई करून चालत नाही. हे आपल्या चौथ्या मजल्यासाठी आहे. एका संध्याकाळी एक गोष्ट करून बघा. फसली तर दुसऱ्या दिवशी दुसरी. फक्त कुणाला त्रास होईल असं काही नको.’

ही वहीसुद्धा त्याच्याच सांगण्यावरून. काय होईल असं वाटतं ते आधीच लिहून ठेवायचं, नाहीतर नंतर जो तो म्हणतो, मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

तर, मला पहिल्यापासून ठाऊक असलेली गोष्ट: लव्हेंडर. वास मनावर थेट जातो. मी वाचलंय. बसथांब्यावर उभी राहून मी चक्क गात होते आणि पाव विकत घेऊन चाललेल्या एका म्हातारबाबांनी मला खालचा सूर दिला.

२३ जानेवारी

लव्हेंडर फसलं.

ह्यूबर्टला शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात. एकाने वास घेतला आणि मोठमोठ्याने प्रार्थना म्हणायला लागला, कारण त्याच्या मते कुणीतरी गेलं होतं. व्हेरा म्हणाली, ‘माझ्या सासूच्या कपाटासारखा वास येतोय,’ आणि नेहमीपेक्षा लवकरच काचेकडे गेली. क्लॅरेन्सने बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. भिंतीवर तक्ता लावायला खिळा ठोकून देऊ का, असंही विचारलं.

मी रडवेली झाले होते, पण गसने आलेखावर पहिला ठिपका लावला आणि तो खूश दिसला. स्वस्तात फसलो, म्हणाला. एक बाटली आणि एक संध्याकाळ गेली. काही रुग्णालयं असल्या कल्पनेवर वर्ष घालवतात. आलेख आम्ही बाहेर बोळात लावलाय, सगळ्यांना दिसेल असा. खालच्या आडव्या रेघेवर तारखा, आणि त्या संध्याकाळी वॉर्डात किती वेळा कुणाला धरावं लागलं ते वर. ठिपका जितका खाली तितकं बरं.

शिंकून शिंकून दमलेला ह्यूबर्ट माझ्याजवळ येऊन बसला. हा किनाऱ्यावरच्या बोटीचा कप्तान होता. गेल्या वर्षी त्याने आठवडाभर न झोपता घराचं छप्पर दोनदा रंगवलं, दुसऱ्यांदा शेजाऱ्याचं, म्हणून तो इथे आला. आता ते वारं खूपच उतरलंय. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, ‘डोळे चकाकतायत, बोलणं सुसाट, कल्पना एकीवर एक. बाई, मला हे झालं की मला इथे खाट देतात. तुला पगार देतात.’

२९ जानेवारी

ह्यूबर्ट आमच्या प्रकल्पाच्या गटात आला. रुग्णाला गटात घ्यायचं म्हटल्यावर इव्हॉनने आधी नाक मुरडलं. गस एरवी तोंडातल्या तोंडात बोलतो, पण या बाबतीत सरळ म्हणाला की वॉर्डात राहणारं माणूस गटात नसेल तर आपण बाहेरून खडे मारतोय. त्याचे कान लाल झालेच, पण त्याने माघार घेतली नाही. मला बाई बरं वाटलं.

ह्यूबर्टने पहिल्याच बैठकीत विचारलं की संध्याकाळी तुम्ही सगळे त्या काचेच्या पेटीत एकदम का शिरता? मी सांगितलं, पाळी सोपवायची असते, नोंदी करायच्या असतात. तो म्हणाला, ‘बाहेरून तुम्ही मत्स्यालयातल्या माशांसारखे दिसता. तोंडं हलतात, आवाज नाही.’

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. घरी येऊन मी इव्हॉनला मासा करून तिचं चित्र काढलं, चष्म्यासकट.

पण यातून मोठा धडा मिळाला. लोकांना संध्याकाळी विरंगुळा नसतो! माशांकडे बघत बसावं लागतं म्हणजे काय? त्यांना काहीतरी गरम, घरगुती हवं. मला उत्तर सापडलंय. चहा. किटलीतला, कडक, डब्यातल्या दुधाचा, आणि भाजलेला पाव. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

चाललं!! चाललं. थांब, नीट लिहिते.

वॉर्डाच्या दिवाणखान्यात मोठं टेबल मांडलं. उकळतं पाणी सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून पाळी सोपवायला दोघीच आत गेल्या, त्याही आळीपाळीने, आणि बाकीचे आम्ही सगळे बाहेर राहिलो. क्लॅरेन्सकडे पाव भाजायचं काम दिलं. तो कुरकुरला, मग करपलेले तुकडे कुणाला आवडतात ते विचारत फिरला, मग बसायला जागा नव्हती म्हणून व्हेराशेजारी बसला. बसल्यावर दोन माणसं करणार काय, त्याने खिशातून पत्ते काढले.

पाळी बदलायची वेळ झाली. व्हेरा उठली.  ती काचेपर्यंत गेली, आत डोकावली, वळून आमच्याकडे बघितलं, परत आली आणि क्लॅरेन्सला म्हणाली, ‘मेल्या, माझे पत्ते बघितलेस.’

एवढंच. बंद खोलीचं दार आज उघडलंच नाही. मी ठिपका इतक्या घाईने लावला की तो ठिपका न राहता स्वल्पविराम झाला.

चहा! कोण म्हणेल?

११ फेब्रुवारी

अजूनही चालू आहे. ठिपके खाली जाऊन तिथेच राहिलेत, अधूनमधून एखादा उडी मारतो. रुग्ण येता-जाता आलेख बघतात. ह्यूबर्ट त्याला हवामानाचा नकाशा म्हणतो आणि रोज अंदाज सांगतो.

गसची मात्र कमाल आहे. आज चौथ्यांदा आला. बाहेर वारा असा की टेकडी चढताना माणसं मागे जात होती. हा चढून आला, टोपीवर बर्फ, आणि म्हणाला की आलेखाची जाडी बघायची होती. रेघेची जाडी! आकड्यांवर इतकी माया करणारा माणूस मी पाहिला नाही. येताना पावाला लावायला लाल बेरींचा मुरंबा आणला होता, स्वतः केलेला. बेरी शरदात कुठल्या टेकडीवर वेचल्या तेही सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही प्रत्येक वॉर्डाला मुरंबा देता का? तर म्हणाला, नाही, या वॉर्डाचे आकडे फार चांगले आहेत.

इव्हॉनला हे सांगितलं तर ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मर्सेडिस, तू हुशार होतीस गं कॉलेजात.’ काय ते कळलं नाही.

१८ फेब्रुवारी

आता चहा सुधारायचा. गस म्हणतोच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक दिवस जास्त कडक, दुसऱ्या दिवशी फिका, तिसऱ्या दिवशी डब्यातल्या दुधाऐवजी साधं दूध. ठिपक्यांवर काहीच परिणाम नाही. माझा कयास असा की गुण पाण्यात असावा.

लिओला मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की तुमची बायको आमच्या चहावर रमली. तो तिच्या पायाला मालिश करत होता. हात थांबवून म्हणाला, ‘व्हेरा आणि चहा? पन्नास वर्षांत एक कप प्यायली असेल तर शपथ. मी केला की खिडकीतल्या कुंडीत ओतायची. मला वाटायचं मला दिसत नाही असं तिला वाटतं.’

व्हेरा गालातल्या गालात हसत होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पन्नास वर्षं ज्या बाईने चहाला तोंड लावलं नाही ती आमच्याकडे पिते, म्हणजे आमचा चहा काय असेल!

दिवाणखान्यातली निवडुंगाची कुंडी अलीकडे पिवळी पडत चाललीय. पाणी कमी होत असेल. सांगायला हवं कुणाला तरी.

३ मार्च

संपलं सगळं.

सुरक्षा विभागाचा माणूस आला, किटली पाहिली, आणि काखेत मारून घेऊन गेला. रुग्णांच्या वॉर्डात उकळतं पाणी चालणार नाही. तसं त्याचंही चूक नाही, पण किटली अशी नेली, जणू तिला अटक झालीय. ह्यूबर्टने उभं राहून सलाम ठोकला.

दुसरं वाईट म्हणजे व्हेराला हलवायचं का ते ठरवणारी बैठक अलीकडे ओढलीय. एप्रिल नाही, मार्चच्या शेवटी. लिओला सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्याने तिचे मोजे चढवले, एकेका बोटाशी सारखे केले, पुन्हा काढले आणि पुन्हा चढवले.

संध्याकाळी मी वॉर्डाची क्षमा मागायला दिवाणखान्यात गेले. क्लॅरेन्स आला, इव्हॉनसुद्धा आली. आम्ही सगळेच बसलो आणि किटलीच्या नावाने गळे काढले. कोरडा पाव आणि नळाचं पाणी. व्हेराने सुरक्षा विभागाला अशा शिव्या घातल्या की क्लॅरेन्सने दोन लिहून घेतल्या. ती काचेकडे फिरकलीही नाही.

हे कसं काय? मला वाटतं चहा काही दिवस अंगात राहत असावा.

७ मार्च

अजून अंगात आहे.

गसला माझी ही कल्पना सांगितली. तो खूप वेळ आलेखाकडे बघत राहिला. त्याला काहीतरी सुचलंय असं वाटलं, पण म्हणाला एवढंच, ‘कारण काय ते ठरवायची घाई नको. नुसतं बघत राहा. तुम्ही बघता तेव्हा…’ आणि थांबला. मी विचारलं, तेव्हा काय? तर म्हणाला, तेव्हा नीट बघता.

मग कसलातरी फोन आल्यासारखं करून निघून गेला. फोन टेबलावरच होता, मी मागे धावत नेऊन दिला. जिन्यात दोघंही हसत सुटलो, कशाला ते देव जाणे. दिवसभर ते हसू माझ्या पोटात गुदगुल्या करत होतं.

१९ मार्च

वाईट दिवस. लिहायला नको वाटतंय.

स्वयंपाकघराने आजपासून झाकणाच्या थर्मासमधून चहा द्यायला सुरुवात केली. सुरक्षा विभागाची मंजुरी इव्हॉनने भांडून आणली. चहा गरम, दूध डब्यातलं, पाव खरपूस. मी मनातल्या मनात बैठक जिंकलीही होती.

पण दुपारपासून वादळ. रस्ते बंद, पुढच्या पाळीचे अर्धे लोक अडकले. कोण येऊ शकतं, कोण थांबू शकतं, कुणाच्या मुलांना कोण बघेल, यासाठी आम्ही सगळे ऑफिसात फोनला चिकटलो. चहाची गाडी दिवाणखान्यात लावून दिली होती. मी म्हटलं, चहा आहे ना, मग झालं.

व्हेराने दोन्ही मुठींनी काच फोडली. फोडली म्हणजे चिरली, पण तिचा हात कापला आणि रक्त काचेवरून ओघळत खाली आलं. मी आतून ते बघत होते. बोट निघाली, ओरडत होती. आम्ही धरलं. डावा हात पुन्हा माझ्याकडे. टाके घातले. लिओ वादळामुळे आलाच नव्हता, त्याला फोनवर सांगितलं.

नंतर मी दिवाणखान्यात आले. कपांत ओतलेला चहा तसाच होता, सायीचा थर धरलेला. ह्यूबर्ट एकटाच बसला होता. मी म्हटलं, काहीच कळत नाही, चहा तर तोच होता.

तो म्हणाला, ‘पोरी, मी आयुष्यभर धक्क्यावरून बोट सोडत आलो. मागे उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे मला पाठ आहेत. लिओ जातो. मग तुम्ही सगळे एकदम त्या काचेत जाता आणि दार लावता. तिला बोट निघाल्यासारखी दिसते, कारण ती निघालेलीच असते. चहा चहा काय घेऊन बसलीस? तुम्ही बाहेर होतात.’

 त्याने थर्मासमधला चहा ओतून माझ्यापुढे केला. तोही अगदी टाकाऊ होता. इतके दिवस मी काय प्यायले?

२० मार्च

डोकं ठणकतंय, पण आत कुठेतरी काहीतरी उड्या मारतंय. निवडुंग! निवडुंगाला चहा मिळत होता! मला एकटीलाच हसू येतंय, मग कापलेला हात आठवतो आणि थांबतं.

क्लॅरेन्स सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला की कालचा ठिपका लावू नकोस. वादळ होतं, माणसं नव्हती, तो काही खरा दिवस नाही. त्याने हे वाईट मनाने सांगितलं नाही. व्हेरा त्याला पत्त्यांत हरवते, दुसऱ्या कुणाकडून तो हरत नाही. म्हणाला, ‘तो एक ठिपका तिला पाठवेल गं तिकडे. नाही लावलास तर कोण विचारणार आहे?’

मी पेन घेऊन आलेखासमोर उभी राहिले. खरं सांगते, मोह झाला. गस आला होता, सुट्टी होती तरी. मी त्याला विचारलं, काय करू? तो म्हणाला, आलेख तुमचा आहे. मी चिडले. म्हटलं, मुरंबा देता, रेघेची जाडी बघता, आणि अडचणीच्या वेळी आलेख माझा? तो मग म्हणाला, ‘मी सांगितलं तर तुम्ही माझ्या भरवशावर बोलाल. तिथे तुम्हाला स्वतःच्या भरवशावर उभं राहायचंय.’

मी ठिपका लावला. सगळ्यांत वर, एकटा.

२७ मार्च

बैठक.

मी निळा ब्लाउज घातला होता, त्याला बेरीचा डाग होता, आत गेल्यावर दिसला. डॉक्टर, इव्हॉन, बेटाच्या त्या टोकाच्या संस्थेतल्या एक बाई, आणि कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून लिओ. गसला आत यायचं कारण नव्हतं, तो बाहेर बाकावर बसला.

डॉक्टरांनी आलेख बघितला आणि बोट नेमकं त्या वरच्या ठिपक्यावर ठेवलं. म्हणाले, सुधारणा तात्पुरती दिसते. हा काय प्रकार?

  मी सांगितलं, तोच आमचा सगळ्यांत चांगला ठिपका आहे. मी आठवडेच्या आठवडे समजत होते की चहाने फरक पडला. त्या दिवशी चहा होता आणि आम्ही नव्हतो. त्याआधी किटली नेली तेव्हा चहा नव्हता आणि आम्ही होतो. बघा दोन्हीकडचे ठिपके. व्हेराचा आजार जिथे आहे तिथे आहे, पण काचेवरच्या मुठी आजाराच्या नव्हत्या. त्या आमच्या वेळापत्रकाच्या होत्या. ते वेळापत्रक आम्ही बदललंय. तिला दूर पाठवलं तर तिथेही संध्याकाळ होईल आणि तिथेही कुणीतरी दार लावेल. आणि तिथे लिओ नसेल.

 मग संस्थेतल्या बाई हळूच म्हणाल्या, आमच्याकडेही काचेचंच ऑफिस आहे. त्यांनी तो आलेख मागून घेतला, प्रत काढायला.

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले की हलवायचा विचार सोडू. आणि इतकं शांत असेल तर घरी सोडायचंच का बघू नये, नर्स घरी जात राहतील या बोलीवर.

लिओने टोपी डोक्यावर घातली, मग आपण अजून खोलीतच आहोत हे लक्षात येऊन काढली.

मी बाहेर येऊन बाकाजवळ उभी राहिले आणि मान हलवली. गस उठला आणि दिवाच त्याच्या डोक्याला लागला. आम्ही हस्तांदोलन केलं. ते बरंच लांबलं. तेवढ्यात इव्हॉन आली आणि म्हणाली, ‘गस, तुमची या वॉर्डावरची नेमणूक फेब्रुवारीत संपली ना? मी कागद पाहिला.’ तो थेट जिन्याकडे गेला, चुकून वरच्या.

फेब्रुवारीत? मग तो मार्चभर कशाला येत होता? आकड्यांचं इतकं वेड असतं का कुणाला?

२७ एप्रिल, रविवार

व्हेराला घरी जाऊन तीन आठवडे झाले. आज लिओने आम्हा सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. इव्हॉनने आधी नियम सांगितला, मग म्हणाली नियम गाडीत बसून राहील, आपण जेवून येऊ. ह्यूबर्टही आला. त्याला सुटून पंधरा दिवस झाले, डोक्यावर नवी टोपी. आणि गस. त्याला कुणी बोलावलं विचारलं तर व्हेरा म्हणाली, मी.

खारवलेलं मांस, कोबी, वाटाण्याचं घट्ट वरण, सगळं एका पातेल्यात शिजलेलं. बशीत ढीग. खिडकीतून खाडीच्या तोंडाशी आलेला हिमनग दिसत होता आणि क्लॅरेन्स म्हणे तो नांगर टाकून बसलाय, पत्त्यांसाठी. व्हेराने सगळ्यांना हरवलं. तिचे आवाज अजून आहेत. एकदा मधेच मान वळवून कुणालातरी म्हणाली, थांब रे, हातात राजा आहे.

मग निघायची वेळ झाली. आम्ही सगळे उठलो, कोट चढवायला लागलो, खुर्च्या सरकल्या, एकच गलका. माझी नजर व्हेराकडे गेली. ती भिंतीला टेकून उभी होती, मुठी आवळलेल्या, चेहरा पांढरा. लिओच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

व्हेरानेच तोंड उघडलं. म्हणाली, ‘सगळे एकदम जाऊ नका.’

आम्ही जिथल्या तिथे थांबलो. मग क्लॅरेन्सने कोट काढून खुंटीला लावला आणि बसला. सगळेच बसलो. आधी इव्हॉन निघाली, व्हेराशी हात मिळवून, मुलांच्या गोष्टी सांगत सांगत. मग थोडा वेळ आम्ही भांडी पुसली. मग ह्यूबर्ट गेला. एक डाव झाल्यावर क्लॅरेन्स. मग गस उठला, व्हेराने त्याच्या स्वेटरची बाही ओढून सरळ केली आणि त्याला दारापर्यंत सोडलं. शेवटी मी राहिले. व्हेरा माझ्याबरोबर पायरीपर्यंत आली. मुठी उघड्या होत्या. म्हणाली, ‘जा आता. मी बघत उभी राहते. मला चालेल.’

मी उतारावरून चालायला लागले. वारा समोरून. मला वाटलं होतं सगळे कधीच पोचले असतील. कुंपणाच्या वळणावर गस उभा होता, नाक लाल, कान लाल, हात खिशात. तो बाहेर पडल्याला बराच वेळ झाला होता.

मी म्हटलं, तुम्ही अजून इथेच? थंडीत? कशासाठी?

त्याने आलेखाचं नाव घेतलं नाही, रेघेचं नाही, मुरंब्याचंसुद्धा नाही. म्हणाला, ‘तुझ्यासाठी थांबलो.’

तुझ्यासाठी. जानेवारीपासून हा माणूस मला तुम्ही म्हणत होता.

मागे वळून पाहिलं तर व्हेरा पायरीवर उभी होती आणि आम्हाला चला, निघा, असं दोन्ही हातांनी हाकलत होती. आम्ही निघालो. बसथांब्यावर बस आली, थांबली आणि गेली, आम्ही चढलोच नाही. हे लिहितानाही मी मोज्यांवरच नाचतेय, अक्षराकडे बघू नये.